दोन थरांमधली रेघ

रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या बहुतेकांनी एक प्रयोग केलेला असतो. मोठ्या परीक्षानळीत थोडे फेनॉल घ्यायचे, त्यात मोजून पाणी घालायचे, नळी गरम पाण्याच्या बीकरमध्ये उभी करायची आणि ढवळत राहायचे. सुरुवातीला नळीतले मिश्रण दुधासारखे पांढरे असते. तापमान चढत जाते आणि मग पाहता पाहता पांढरेपणा नाहीसा होऊन नळी आरपार दिसू लागते. थर्मामीटर वाचायचा. नळी बाहेर काढून निवू द्यायची. थोड्या वेळाने धुके उतरावे तसे मिश्रण पुन्हा गढूळ होते. पुन्हा थर्मामीटर. दोन्ही आकड्यांची सरासरी जर्नलमध्ये मांडायची, आणखी थोडे पाणी घालायचे, की सगळे पुन्हा पहिल्यापासून. असे आठ-दहा वेळा केले की आलेखावर एक घुमट उभा राहतो. त्याचा माथा 66 ते 68 अंश सेल्सिअसच्या आसपास, वजनाने साधारण 35 टक्के फेनॉल असताना येतो. त्या तापमानाच्या वर फेनॉल आणि पाणी कोणत्याही प्रमाणात एकजीव होतात. विद्यार्थी याला सीएसटी म्हणतात; मराठी पुस्तकात त्याला क्रांतिक तापमान म्हणतात.

प्रॅक्टिकलच्या गडबडीत दोन गोष्टी विचारायच्या राहून जातात. तापवताना आणि निववताना आकडे वेगळे का येतात? आणि दुसरी गोष्ट: तीच नळी रात्रभर स्टँडवर ठेवली तर सकाळी तिच्यात दोन स्वच्छ थर दिसतात आणि त्यांच्यामध्ये एक ठळक रेघ. त्या रेघेवर नेमके काय असते? मला हा दुसरा प्रश्न फार मोलाचा वाटतो, कारण पहिल्याचे उत्तरही त्यातच दडलेले आहे. मिश्रण फुटणार का, कसे फुटणार, फुटल्यावर त्यात कोणती नक्षी उमटणार, हे सगळे त्या रेघेची किंमत किती यावर ठरते.

आधी एक गैरसमज दूर करू. खालचा थर फेनॉलचा आणि वरचा पाण्याचा, असे आपण म्हणतो ते बोलण्यापुरते. साध्या हवामानात वरच्या थरात सुमारे 8 टक्के फेनॉल असते, आणि खालच्या थरात सुमारे 28 टक्के पाणी. दोन्ही थर मिश्रणेच आहेत, फक्त प्रमाण वेगळे. अशा एकसारख्या घडणीच्या भागाला प्रावस्था म्हणतात. म्हणजे नळीत घडते ते असे, की एका मिश्रणाची दोन मिश्रणे होतात.

ती का होतात? इथे दोन ओढी एकमेकींविरुद्ध काम करत असतात. पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना घट्ट धरून असतात. फेनॉलच्या रेणूला एक बाजू पाण्याशी जुळणारी आहे, पण त्याचे सहा कार्बनांचे कडे पाण्याला फारसे मानवत नाही. सारख्याने सारख्याशेजारी राहावे यात ऊर्जेचा फायदा. दुसरी ओढ शक्यतांच्या संख्येची. दोन प्रकारचे रेणू वेगवेगळे ठेवण्याच्या रीती मोजक्या, सरमिसळ ठेवण्याच्या रीती अगणित. या मोजणीलाच एंट्रॉपी म्हणतात. तापमान जितके जास्त तितके एंट्रॉपीचे वजन जास्त. म्हणून तापवले की सरमिसळ जिंकते आणि निववले की सारख्यांची सोबत.

सगळ्याच जोड्या असे वागत नाहीत. ट्रायएथिलअमाइन आणि पाणी थंड असताना एकजीव असतात आणि सुमारे 18 अंशांच्या वर गेले की फुटतात. निकोटीन आणि पाणी यांचे तर दोन्हीकडून आहे: सुमारे 60 अंशांच्या खाली एकत्र, त्यावर वेगळे, आणि बंद नळीत 210 अंशांच्या जवळपास पोहोचले की पुन्हा एकत्र. थंडीत दोन वेगळ्या रेणूंमधले हायड्रोजन बंध त्यांना बांधून ठेवतात. ते बंध विशिष्ट दिशेतच जुळतात, म्हणून तापवल्यावर आधी तेच सुटतात. पण आपण फेनॉलच्या नळीपाशीच थांबू.

ऊर्जा आणि एंट्रॉपी या दोन ओढींचा एकत्र हिशोब म्हणजे मुक्त ऊर्जा. मिश्रण नेहमी ती कमी करण्याच्या मागे असते. आता एक आलेख डोळ्यांसमोर आणा. आडव्या अक्षावर फेनॉलचे प्रमाण, शून्यापासून शंभरापर्यंत; उभ्या अक्षावर मुक्त ऊर्जा. क्रांतिक तापमानाच्या वर हा आलेख एकाच मोठ्या खोऱ्यासारखा असतो. त्याखाली आल्यावर खोऱ्याच्या मध्ये एक उंचवटा उगवतो आणि एकाची दोन खोरी होतात, एक पाणी जास्त असलेले, दुसरे फेनॉल जास्त असलेले. या दोन्ही खोऱ्यांना खालून एक सरळ काठी टेकवा. काठी जिथे जिथे टेकते ती दोन प्रमाणे म्हणजेच आपल्या नळीतले दोन थर.

काठीचा उपयोग असा. समजा मिश्रणाचे प्रमाण त्या दोन टेकूंच्या मधले आहे. एकजीव राहिले तर त्याची मुक्त ऊर्जा वक्ररेषेवरची. दोन थरांत फुटले तर सरळ काठीवरची. काठी वक्ररेषेच्या खाली आहे, म्हणजे फुटण्यात फायदा आहे. येथवर गोष्ट सोपी आहे, आणि कॉलेजातली पुस्तके बहुधा इथेच थांबतात. पण फायदा आहे म्हणून ती गोष्ट घडेलच असे नाही. तिथे पोहोचण्याची वाट कशी आहे तेही पाहावे लागते.

वाटेचा विचार करायला वक्ररेषेचा आकार जवळून पाहू. मधल्या उंचवट्यावर ती पालथ्या वाटीसारखी आहे. तिथल्या मिश्रणात कुठेतरी योगायोगाने फेनॉल चिमूटभर वाढले आणि शेजारी तेवढेच कमी झाले, तर त्या दोन्ही जागांची मिळून सरासरी मुक्त ऊर्जा आधीपेक्षा खाली येते. म्हणजे अगदी क्षुल्लक फरकसुद्धा लाभाचा, आणि तो वाढत जाईल. खोऱ्यांच्या कडांशी मात्र वक्ररेषा सुलट्या वाटीसारखी आहे. तिथे छोटा फरक झाला तर ऊर्जा वाढते, फरक विरून जातो. काठी खालूनच जात असल्यामुळे मोठ्या उडीत फायदा आहे, पण छोटी पावले टाकत तिथे जाता येत नाही. ओंजळभर पाणी डोंगराच्या खळग्यात साठावे तसे ते मिश्रण अडकून राहते.

या दोन प्रदेशांमधली हद्द, जिथे पालथी वाटी सुलटी होते, तिला स्पायनोडल म्हणतात. प्रयोगात आपण काढलेला घुमट हा बाहेरचा; स्पायनोडलचा घुमट त्याच्या आत असतो आणि दोन्ही फक्त माथ्यावर एकमेकांना शिवतात.

बाहेरच्या आणि आतल्या घुमटांमधल्या पट्ट्यात काय घडते ते आधी पाहू, म्हणजे तापवताना आणि निववतानाच्या आकड्यांचा प्रश्न सुटेल. तिथे फुटायचे तर कुठेतरी दुसऱ्या प्रावस्थेचा थेंब तयार व्हायला हवा. थेंबाच्या आतल्या प्रत्येक रेणूमागे फायदा होतो, आणि तो थेंबाच्या घनफळाच्या प्रमाणात वाढतो. पण थेंबाला पृष्ठभाग असतो, आणि पृष्ठभागाला खर्च येतो. तो क्षेत्रफळाच्या प्रमाणात. त्रिज्या दुप्पट केली तर खर्च चौपट होतो आणि फायदा आठपट. म्हणजे मोठ्या थेंबाचे भागते, लहान थेंबाचे भागत नाही. एका ठरावीक त्रिज्येपेक्षा लहान थेंब जन्मला की विरून जातो, मोठा निपजला तर वाढतच राहतो. त्या त्रिज्येपर्यंत पोहोचायला रेणूंच्या धडपडीतून एक मोठा योगायोग जुळून यावा लागतो. हा अडसर पृष्ठभागाच्या दराच्या, म्हणजे एकक क्षेत्रफळामागच्या खर्चाच्या, घनाच्या प्रमाणात असतो. दर दुप्पट झाला तर अडसर आठपट.

म्हणून नळी निवत असताना मिश्रण घुमटाची रेषा ओलांडते, तरी थोडा वेळ स्वच्छच राहते. उलट तापवताना मात्र थेंब आधीपासून हजर असतात, त्यांना विरघळायला कोणताही अडसर नाही. प्रॅक्टिकलमधल्या दोन आकड्यांमधला फरक बराचसा थर्मामीटर आणि मिश्रण यांच्या दिरंगाईचा असतो हे खरेच, पण मनापासून सावकाश प्रयोग केला तरी जो उरतो, त्यात हा थेंबांच्या जन्माचा उशीर असतो. काचेवरचा ओरखडा किंवा धुळीचा कण असला तर तो कमी होतो, कारण तयार पृष्ठभागावर टेकून जन्मणाऱ्या थेंबाला स्वतःचा पृष्ठभाग कमी लागतो.

आता तो खर्च येतो कुठून, याकडे वळू. अमेरिकेत येल विद्यापीठात काम करणाऱ्या जोसाया विलर्ड गिब्ज यांनी 1876 ते 1878 या काळात प्रसिद्ध केलेल्या प्रदीर्घ निबंधात प्रावस्थांचा सगळा हिशोब मांडला. सीमेसाठी त्यांनी एक कल्पना वापरली: दोन प्रावस्थांमध्ये शून्य जाडीची एक गणिती पातळी आहे असे धरायचे आणि जो काही जास्तीचा खर्च निघेल तो त्या पातळीच्या नावावर लिहायचा. हिशोबाला ही युक्ती उत्तम आहे आणि आजही वापरतात. पण ती पातळी खरी नाही. एका रेणूपासून शेजारच्या रेणूपर्यंत जाताना 8 टक्क्यांवरून 72 टक्क्यांवर एकदम उडी कशी पडेल? मध्ये काहीतरी उतार असणारच.

हा उतार मनावर घेतला तो नेदरलंड्समधल्या योहानेस व्हान डर वाल्स यांनी. वायू आणि द्रव यांच्या त्यांच्या समीकरणामुळे त्यांचे नाव अकरावीच्या पुस्तकातही येते, आणि 1910 चे नोबेल पारितोषिकही त्यांना त्याच कामासाठी मिळाले. पण 1893 साली त्यांनी केशाकर्षणावर एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी असे मानले, की द्रव आणि वायू यांच्यामध्ये घनता अचानक न बदलता सलग बदलत जाते, आणि सीमेचा खर्च या बदलाच्या चढणीतून निघतो. हा निबंध पुढे जवळजवळ विस्मरणात गेला. 1958 साली न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी इथे जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत जॉन कान आणि जॉन हिलियर्ड यांनी तीच कल्पना स्वतंत्रपणे, या वेळी मिश्रणांसाठी, पुन्हा उभी केली. व्हान डर वाल्स यांच्या निबंधाचा इंग्रजी अनुवाद जॉन रोलिन्सन यांनी 1979 साली केला, तेव्हा अनेकांना कळले की पासष्ट वर्षांच्या अंतराने दोन पिढ्या एकाच दाराशी पोहोचल्या होत्या.

कल्पना अशी. मिश्रणाच्या प्रत्येक बिंदूवर दोन खर्च मांडायचे. एक त्या ठिकाणच्या प्रमाणाचा, म्हणजे आपल्या दोन खोऱ्यांच्या आलेखावरचा. दुसरा चढणीचा: प्रमाण जागेनुसार किती झपाट्याने बदलते याचा. चढण डावीकडे असो वा उजवीकडे, रेणूंना त्याचे सारखेच. म्हणून हा खर्च चढणीच्या वर्गावर अवलंबून असतो. एवढ्या दोन संज्ञा बेरजेत घेतल्या की सीमेची जाडी आपोआप निघते.

कशी ते पाहा. सीमा फार अरुंद केली तर चढण उभी होते आणि दुसरा खर्च बेसुमार वाढतो. ती फार रुंद केली तर मधल्या प्रमाणाचे, म्हणजे उंचवट्यावर बसलेले मिश्रण जास्त होते आणि पहिला खर्च वाढतो. या दोहोंच्या मध्ये एक रुंदी अशी असते की एकूण खर्च किमान होतो, आणि गणित सांगते की तेव्हा सीमेतल्या प्रत्येक बिंदूवर दोन्ही खर्च अगदी समान असतात. मला ही समानता फार सुंदर वाटते. सीमेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुठेही पाहा, उंचवट्याचा खर्च आणि चढणीचा खर्च बरोबर निम्मेनिम्म. दोघांची बेरीज म्हणजेच ज्याला आपण पृष्ठताण म्हणतो तो आकडा.

एरवी ही जाडी एका नॅनोमीटरच्या आतबाहेर असते. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी पाचशे नॅनोमीटरच्या घरातली, म्हणून आपल्याला ठळक रेघच दिसते. पण नळी क्रांतिक तापमानाकडे नेऊ लागले की मधला उंचवटा बसत जातो, दोन्ही खोरी जवळ सरकतात, मधल्या प्रमाणात राहणे स्वस्त होते. सीमा रुंदावत जाते, पृष्ठताण शून्याकडे घसरतो. माथ्यावर सीमा इतकी पसरते की ती कुठे आहे हे सांगताच येत नाही, कारण आता तिच्या दोन बाजूंना वेगळे असे काही उरलेले नसते.

त्याच ठिकाणी आणखी एक देखावा असतो. माथ्याच्या अगदी जवळ, अजून थर फुटलेले नसताना, मिश्रण निळसर-दुधाळ चमकू लागते. फेनॉल किंचित जास्त आणि किंचित कमी असलेले ठिपके सतत बनतात आणि मोडतात. एरवी ते काही रेणूंएवढे असतात. माथ्यापाशी ते वाढत वाढत प्रकाशाच्या तरंगलांबीएवढे होतात आणि प्रकाश विखुरतो. मारियन स्मोलुचोव्स्की यांनी 1908 साली आणि आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी 1910 साली या चमकीचे स्पष्टीकरण दिले. याच प्रदेशात वर सांगितलेला सोपा हिशोब कमी पडतो. त्याप्रमाणे घुमटाचा माथा जितका गोलसर यायला हवा त्यापेक्षा तो खऱ्या मोजमापात अधिक सपाट येतो, कारण त्या सतत चालणाऱ्या चढउतारांना आपण सरासरीत गाडून टाकलेले असते. ती दुरुस्ती करण्याची रीत केनेथ विल्सन यांनी दिली, 1982 चे नोबेल त्यासाठीच. द्रवमिश्रणांवरची अचूक मोजमापे करण्यात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या ई. एस. आर. गोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा वाटा आहे. त्यांनी 1983 साली लिहिलेला आढावा या विषयात शिरणाऱ्यांसाठी बराच काळ वाटाड्या ठरला.

आता आतल्या घुमटात, पालथ्या वाटीवर शिरू. इथे एक विलक्षण गोष्ट घडते. विसरण म्हणजे दाट जागेकडून विरळ जागेकडे पसरणे, असे आपण शाळेपासून शिकतो. अत्तराचा वास खोलीभर पसरतो तसे. पालथ्या वाटीवर ते उलटे चालते. जिथे फेनॉल किंचित जास्त तिथे आणखी फेनॉल धावते, जिथे कमी तिथून निघून जाते. पण एवढेच खरे मानले तर मोठी अडचण येते. जितका बारीक फरक तितका रेणूंना प्रवास कमी, म्हणजे बारीकात बारीक नक्षी सर्वांत आधी वाढायला हवी, आणि मिश्रणाचा शेवटी अणुएवढा भुगा व्हायला हवा. तसे होत नाही. 1956 साली मॅट्स हिलर्ट यांनी एमआयटीतल्या आपल्या प्रबंधात याचा माग काढला, आणि कान यांनी 1961 साली पूर्ण सिद्धांत मांडला. अडचण सोडवणारी तीच चढणीची संज्ञा. फार बारीक नक्षीत सगळीकडे चढणीच चढणी, म्हणून तिचा खर्च परवडत नाही. फार मोठ्या नक्षीला रेणूंनी लांबून यावे लागते, म्हणून ती मागे पडते. मधली एक तरंगलांबी सर्वांच्या पुढे निघून जाते. ज्या तरंगलांबीच्या खाली वाढच होत नाही, तिच्या ती वर्गमूळ दोन, म्हणजे सुमारे 1.4 पट असते.

थेंबांच्या जन्माची वाट न पाहता सगळीकडे एकाच वेळी एकाच मापाची नक्षी उगवते. 1965 साली कान यांनी ती कशी दिसेल ते काढून पाहिले: एकाच तरंगलांबीच्या, पण वाट्टेल त्या दिशांनी जाणाऱ्या अनेक लाटा एकमेकींवर टाकल्या. चित्र आले ते एकमेकांत गुंतलेल्या दोन स्पंजांचे. दोन्ही प्रावस्था आरपार सलग. एकीचा वाटा सुमारे 15 टक्क्यांपर्यंत घसरला तरी ती तुटत नाही.

हे चित्र कागदावर येण्याच्या बरेच आधी कारखान्यात वापरले जात होते. कॉर्निंग कंपनीतल्या हॅरिसन हूड आणि मार्टिन नॉर्डबर्ग यांना 1938 साली ज्या काचेचे पेटंट मिळाले, ती व्हायकॉर नावाने प्रसिद्ध झाली. शुद्ध सिलिकाची काच उष्णता फार सोसते, पण वितळवून आकार द्यायला भयंकर तापमान लागते. त्यांनी बोरॉन आणि सोडियम घातलेली सहज वितळणारी काच घेतली, तिला हवा तो आकार दिला आणि मग काही काळ बेताच्या तापमानात ठेवली. आतल्या आत तिची दोन प्रावस्थांमध्ये फूट पडली, एक जवळजवळ सिलिकाची, दुसरी बोरॉनची. मग गरम आम्ल. आम्लाने बोरॉनची प्रावस्था धुऊन नेली आणि नॅनोमीटरच्या मापाच्या छिद्रांचा, सुमारे 96 टक्के सिलिकाचा सांगाडा उरला. तो तापवून घट्ट केला की पारदर्शक काच तयार. या सगळ्यात कळीची गोष्ट एकच: बोरॉनची प्रावस्था सुट्या थेंबांत असती तर आम्ल आतल्या थेंबांपर्यंत पोहोचलेच नसते. ती सलग आहे म्हणूनच काच आतपर्यंत धुता येते.

घरातल्या पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रामागेही हीच फूट आहे. 1960 च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले एस. सौरिराजन यांनी सेल्युलोज ॲसिटेटचे द्रावण काचेवर पातळ पसरले आणि बर्फगार पाण्यात बुडवले. विद्रावक बाहेर, पाणी आत, आणि बहुवारिक जागच्या जागी दोन प्रावस्थांत फुटले. पाण्याशी थेट भिडलेला पृष्ठभाग दाट कातडीसारखा झाला, त्याच्याखाली स्पंज. मीठ अडवायला कातडी, पाणी वाहू द्यायला स्पंज. आजच्या पडद्यांची वरची पातळ कातडी वेगळ्या पदार्थाची असते, पण तिला आधार देणारा सच्छिद्र थर अजूनही याच रीतीने बनतो.

बहुवारिकांचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगतो. पॉल फ्लोरी आणि मॉरिस हगिन्स यांनी 1941-42 च्या सुमारास स्वतंत्रपणे दाखवले की लांब साखळ्यांच्या बाबतीत सरमिसळीचा लाभ साखळीमागे मोजायचा असतो, कडीमागे नव्हे. हजार कड्या एकत्र बांधलेल्या असल्या की त्यांना स्वतंत्र जागा निवडता येत नाहीत. त्यामुळे एंट्रॉपीची ओढ क्षीण होते आणि दोन वेगळी प्लॅस्टिके सहसा एकजीव होत नाहीत. पॉलिथीन आणि पॉलिप्रॉपिलीन दिसायला भावंडे. एकत्र वितळवली तरी आतून वेगळीच राहतात, आणि दोहोंमधल्या कमजोर सीमेवर तो पदार्थ तुटतो. कचऱ्यातले प्लॅस्टिक प्रकाराप्रमाणे वेगळे करावे लागते त्याचे एक कारण हे आहे.

फूट पडली म्हणजे गोष्ट संपली असे नाही. नक्षी भरड होत जाते, आणि तिला चालवणारा पुन्हा सीमेचा खर्चच. एक लिटर तेलाचा एकच गोळा केला तर त्याचा पृष्ठभाग चौरस मीटरच्या विसाव्या हिश्शाएवढा असतो. त्याच तेलाचे एक मायक्रॉन त्रिज्येचे थेंब केले तर एकूण पृष्ठभाग 3000 चौरस मीटर होतो, जवळजवळ तीस गुंठे. एवढ्या सीमेत साठलेली ऊर्जा मात्र साधारण 150 ज्यूल. तिने एक लिटर पाणी एका अंशाच्या पंचविसाव्या हिश्शाइतकेही तापणार नाही. इतक्या थोडक्या ऊर्जेसाठी थेंब एकमेकांत मिसळत राहतात. मिसळण्यासाठी त्यांनी भेटलेच पाहिजे असेही नाही. लहान थेंबाचा पृष्ठभाग जास्त वाकलेला, त्यामुळे त्याच्यातले रेणू जास्त सहज बाहेर पडतात, भोवतालच्या द्रवातून वाट काढतात आणि मोठ्या थेंबात जाऊन बसतात. लहान आटतात, मोठे फुगतात. लिफ्शिट्झ आणि स्ल्योझोव्ह यांनी, आणि वेगळेपणाने वाग्नर यांनी, 1961 साली दाखवले की अशा वाढीत थेंबाचा सरासरी आकार काळाच्या घनमूळाने वाढतो. दुप्पट आकाराला आठपट वेळ. म्हणून सुरुवातीला झपाट्याने बदलणारी नळी नंतर कंटाळा येईल इतकी सावकाश बदलते, आणि अखेरचे काम गुरुत्वाकर्षण करते.

डेटॉल पाण्यात पडले की पांढरे होते तेही थेंबांमुळेच. बाटलीत पाइनचे तेल आणि क्लोरोझायलेनॉल अल्कोहोलच्या आधाराने विरघळलेले असतात. भरपूर पाणी मिळाले की तो आधार तुटतो आणि मिश्रण फुटते. पण ते थर करून बसत नाही, कारण बाटलीत एरंडेल तेलापासून केलेला साबणही असतो. साबणाचे रेणू एक टोक तेलात, एक टोक पाण्यात ठेवून सीमेवरच मुक्काम करतात, सीमेचा दर खाली आणतात आणि दोन थेंबांना भिडू देत नाहीत. दुधातल्या स्निग्धाच्या कणांभोवतीही असाच एक पापुद्रा असतो. रवीने घुसळले की तो फाटतो, कण एकमेकांना चिकटतात आणि लोणी वर येते.

गेल्या काही वर्षांत हा सगळा हिशोब अनपेक्षित जागी जाऊन पोहोचला. 2009 साली जर्मनीतल्या ड्रेस्डेन इथे क्लिफर्ड ब्रँगविन, अँथनी हायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका सूक्ष्म कृमीच्या गर्भातले काही कण पाहिले. पेशीतले हे कण घट्ट पुंजके असतील असा समज होता. ते चक्क ओघळत होते, एकमेकांना भिडल्यावर एक होऊन गोल होत होते, पेशीच्या एका बाजूला विरघळत आणि दुसऱ्या बाजूला पुन्हा जमत होते. प्रथिने आणि आरएनए यांच्या द्रावणात पडलेली ती फूट होती, आपल्या नळीतल्यासारखीच. पेशीच्या केंद्रकात न्यूक्लिओलस नावाचा असा एक मोठा थेंब असतो, आणि त्याच्या आत एकात एक असे तीन थर. हे थर कोणी रचलेले नाहीत. तिघांच्या आपापसांतल्या सीमांचे दर वेगळे आहेत, आणि ज्या मांडणीत एकूण खर्च किमान तीच मांडणी उरते. कोणी कोणाला आत घ्यायचे हे त्या दरांवरून ठरते.

या थेंबांचा पृष्ठताण पाण्याच्या पृष्ठताणाच्या लाखाव्या हिश्शाच्या आसपास असतो, आणि सहसा ते इतके लहान असतात की वजनाचा प्रश्न येत नाही. बेडकाच्या अंडपेशीत मात्र येतो. तिचे केंद्रक अर्ध्या मिलिमीटरच्या जवळपास मोठे, आणि त्यात शेकडो न्यूक्लिओलस. 2013 साली मरिना फेरिक आणि ब्रँगविन यांनी दाखवले की ॲक्टिन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंची एक जाळी त्यांना जागच्या जागी तोलून धरते. ती जाळी मोडली तेव्हा थेंब सावकाश खाली उतरले, तळाशी एकमेकांना टेकले आणि एक होत गेले, स्टँडवर रात्रभर ठेवलेल्या परीक्षानळीत फेनॉलचे थेंब उतरतात तसे.